बोट कापलं, तर खर्च किती?

बोट कापल्याचा खर्च तुम्ही पैसे कोणत्या दिवशी काढता यावर ठरतो. पहिल्याच दिवशी काढले तर शे-दोनशेत भागतं. पंधरा दिवसांनी काढले तर गोष्ट हजारावर जाते. वण पक्का झाल्यावर निघालात तर पाच आकडी बिल भरूनही कातडी पहिल्यासारखी होत नाही. आपल्याकडे क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. ओल्या जखमेला चिंधी आणि चिमूटभर हळद, आणि सुकलेल्या डागाला आठशे रुपयांची ट्यूब. पुढे दिलेले खासगी दर अंदाजाचे आहेत. जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर इथे ते डॉक्टरागणिक बदलतील, पण त्यावरून हिशेब मांडता येईल.

आधी चीर रेंगाळते का, ते बघू. वरचा पातळ थर तेवढा खरचटला असेल तर वण राहत नाही. चीर खालच्या जाड थरात गेली की शरीर मूळची वीण पुन्हा घालत नाही, कोलॅजेनचं ठिगळ लावतं. पहिले चार-पाच दिवस सूज आणि साफसफाईचे, पुढचे दोन-तीन आठवडे नवं मांस भरण्याचे. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, वण आतून बदलत राहतो. तीन आठवड्यांनी जखम बंद दिसते, पण तिथल्या कातडीची ताकद तेव्हा मूळच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढीच असते. पुढे महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. सांध्यावरची चीर भरली असं वाटून माणूस पुन्हा कोयता धरतो आणि ती उसवते, त्याचं कारण हे.

इथली कामंही जखमेला उसंत देत नाहीत. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला रोज त्याच जागी टोचतात. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे जाड हातमोजे कोणी घालत नाही. त्यात दिवाळीनंतरच्या थंडीने हात कोरडे पडून आधीच भेगाळलेले असतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पॅकहाऊसमध्ये फण्या धुणाऱ्यांचे हात दिवसभर तुरटीच्या पाण्यात असतात, खपली भिजून सुटत राहते. जिनिंगमध्ये किंवा दालमिलमध्ये तासन्‌तास उभं राहणाऱ्यांच्या पायांवरच्या शिरा फुगलेल्या असल्या, तर घोट्याजवळचं साधं खरचटणंही महिनाभर हटत नाही. पायाची जखम हाताच्या जखमेपेक्षा उशिरा भरते हे तसंही खरंच. तंबाखू किंवा विडी सोबत असेल तर आणखी उशीर, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात.

तरीही हातावरची किरकोळ चीर आठ-दहा दिवसांत आणि पायावरची दोन-तीन आठवड्यांत बंद व्हायला हवी. दोन आठवड्यांत काहीच सुधारणा नसेल तर मलम बदलू नका, रक्त तपासा. पहिला संशय साखरेवर. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मिळून खासगी लॅबमध्ये शंभर ते दोनशे रुपये, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी तीनशे ते सहाशे. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत मात्र एक अडचण आहे. पावरा, भिल्ल अशा समाजांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे आणि सिकलसेल किंवा रक्तक्षय असला की एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. तिथे साध्या साखरेच्या तपासणीवरच भर द्यावा. सिकलसेलची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. १ जुलै २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.

एक गोष्ट दुखत नाही म्हणून सुटते. पायाला चटका बसला किंवा खिळा लागला आणि कळलंच नाही, तर आनंद मानू नका. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने नसा बधिर झालेल्या असू शकतात. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत मिळतात.

आता पहिल्या दिवसाचा खर्च. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, आजूबाजूला साबण लावून, माती आणि केळीचा चीक निघेपर्यंत जखम धुवा. मग स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये उघडून बघायचं नाही. साधी पेट्रोलियम जेली, न चिकटणारी जाळीपट्टी आणि चिकटपट्टी हे सगळं दीडशे-दोनशेत येतं आणि चार-पाच जखमांना पुरतं. जखम उघडी ठेवून सुकवली की लवकर भरते, ही समजूत घट्ट आहे, पण खरी नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. पट्टी घामाने भिजली की बदलायची. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदलावी लागेल. चुना, तंबाखू, राख, शेण, चहापत्ती यांचा खर्च शून्य दिसतो, पण घाण आत जाते आणि पू झाला की वण रुंद होतो. मेडिकलवर मागितल्याबरोबर मिळणाऱ्या तीन औषधांच्या मिसळीच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं, त्याने जखम भरणं मंदावतं. ताज्या चिरेवर ती लावू नका, स्वस्त असली तरी.

धनुर्वाताचं इंजेक्शन, ज्याला अजूनही सगळे टीटी म्हणतात, ते आता टीडी या रूपात मिळतं. दर दहा वर्षांनी एक डोस. जखम मातीची किंवा खोल असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर लगेच घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत आहे.

टाके कधी? कडा आपोआप जुळत नसतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा चेहऱ्यावर लागलं असेल, तर त्याच दिवशी, शक्यतो सहा-आठ तासांच्या आत. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर झालं असेल तर गावातल्या टाक्यांवर समाधान मानू नका, कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते; थेट सर्जन असलेल्या ठिकाणी जा. खासगीत लहान जखमेच्या टाक्यांना पाचशे ते दोन हजार आणि प्रत्येक ड्रेसिंगला शंभर ते तीनशे असे धरून चला. आधीच विचारा की त्या आकड्यात भूल, इंजेक्शन, ड्रेसिंग आणि टाके काढणं धरलंय का. बिल फुगतं ते बहुतेक इथे. टाके चेहऱ्याचे पाचेक दिवसांत, हाताचे सात ते दहा आणि पायाचे किंवा सांध्यावरचे दहा ते चौदा दिवसांत निघायला हवेत. जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच आडवे वण उमटतात.

सरकारी दवाखान्यांत एक फरक फार जणांना ठाऊक नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. म्हणजे आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, चोपडा-शिरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं. जळगावचं सिव्हिल मात्र आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालयही वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तिथे नाममात्र शुल्क लागू शकतं. तरीही सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि लॅब एका आवारात मिळतात, म्हणून न भरणाऱ्या जखमेसाठी मी तिथेच पाठवीन.

वणावर पैसे घालण्याआधी बोटाने चाचपून बघा. जागा सपाट आणि नुसती काळी असेल तर तो डाग आहे. सावळ्या कातडीत सूज ओसरल्यावर रंगद्रव्य मागे राहतं, ते काही महिन्यांत आपोआप फिकं पडतं, फक्त ऊन लागू देऊ नका. मार्च ते मे जळगाव-भुसावळच्या उन्हात लांब बाही किंवा रुमाल हा सनस्क्रीनइतकाच कामाचा, आणि फुकट. कांद्याच्या अर्काची जेल, व्हिटॅमिन ई यांच्यावर मी एक रुपयाही घालणार नाही. पहिल्याचा पुरावा कमकुवत आहे आणि दुसऱ्याने काहींना खाज-पुरळ येते.

जागा उंच, कडक, लालसर असेल तर सिलिकॉन जेल कामाची. पंधरा ग्रॅमची ट्यूब पाचशे ते हजार. जखम पूर्ण बंद झाल्यावर, टाके निघाल्यावर, दिवसातून दोनदा, किमान दोन-तीन महिने. आठवडाभर लावून सोडणार असाल तर घेऊच नका. वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल, खाजत असेल, आणि तो छाती, खांदा किंवा कानाच्या पाळीवर असेल, तर तो केलॉइड. तो नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. त्यावर महिन्याच्या अंतराने स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, दर खेपेला पाचशे ते दीड हजार. अशी ठेवण असलेल्या घरात मुलीचे कान टोचताना जास्तीचं दुसरं-तिसरं भोक टाळावं.

लेझरला बैठकीमागे तीन ते आठ हजार आणि अशा चार-सहा बैठका. दिसण्यासाठीचा हा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल असं धरू नका. पण वण आखडून बोट सरळ होत नसेल तर तो कामाचा प्रश्न आहे, दिसण्याचा नाही. अशा वेळी रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी.