चर्च, दवाखाना आणि विहीर

मंडळी, आज आपण जुने गोवे या गावाची गोष्ट वाचू. सिहोऱ्याहून हे गाव फार लांब. तुमसर रोडला रेल्वेत बसलो, पुढे गाड्या बदलल्या, तेव्हा कुठे पोहोचलो. सोबत आमच्या गावचे एक शेतकरी होते.

तिथे बॉम जीझस नावाचे मोठे चर्च आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनेचे घर. पोर्तुगीजांच्या राज्यात १५९४ साली ते बांधायला घेतले. बाहेरून तांबडा जांभा दगड. आत सोन्याच्या मुलाम्याची भरगच्च नक्षी. युरोपातून आलेल्या या घडणीला बरोक म्हणतात. इथेच चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ठेवले आहे. १५४२ साली ते गोव्यास आले. तेव्हा ते दवाखान्यात राहून रोग्यांची सेवा करीत.

शेतकऱ्यांनी विचारले, "गुरुजी, तो दवाखाना कुठी हाये?"

मी म्हटले, "भाऊ, तो आता उरला नाही. मांडवी नदीच्या काठी होता."

१६०८ साली पिरार नावाचा एक आजारी फ्रेंच माणूस त्या दवाखान्यात होता. बाहेरून तो राजवाड्यासारखा दिसे, असे त्याने लिहिले आहे. खाटा स्वच्छ, जेवण चांगले. खर्च राजाचा. मात्र दवाखाना मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी होता.

एवढा दवाखाना असूनही शहर वाचले नाही. पटकी आणि हिवताप पुन्हा पुन्हा येत. जमीन सच्छिद्र होती. घाण झिरपून विहिरीत उतरे. लोक तेच पाणी पीत. त्यांना वाटे, हवाच वाईट आहे. पटकी घाण पाण्यातून पसरते, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखवून दिले. पण त्याआधीच माणसे शहर सोडून गेली होती. १८४३ साली पणजी राजधानी झाली. चर्च राहिले, घरे गेली.

शेतकरी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आपला उकिरडा तं विहिरीपाशीच हाये!"

खरेच होते. माझ्याही घरचा तिथेच होता. परत आल्यावर आम्ही दोघांनी आपापले उकिरडे विहिरीपासून दूर हलवले.

दवाखाना हवाच. पण आजार मुळात होऊ नये, यासाठी विहीर राखली पाहिजे.

आता सांगा :
१. जुने गोवे ओस का पडले?
२. तुमच्या विहिरीजवळ काय आहे? आज जाऊन बघा.