पारखलेली आज्ञावली जशीच्या तशी

बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने व प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. रंगकाम हा तेथील एक विषय होता. रंगारी चिंधीवर कृती पारखून मगच ती मोठ्या कढईत उतरवितो. कलाभवनाचीच वाढ असलेल्या तंत्रविद्याशाखेत आता संगणकशास्त्रही शिकवितात, आणि त्या शास्त्रातही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहतो.

शेकडो सर्व्हर हातांनी सज्ज करणे अशक्यप्राय असते. म्हणून कोणती सामग्री बसवावी, कोणती सेवा चालू करावी, हे आज्ञावलीत लिहून ठेवतात. ती आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवितात, नंतर प्रत्यक्ष सेवेच्या. अडचण इतकीच की, दोन्हीकडचे पत्ते व परवलीचे शब्द वेगळे असतात. नवशिका मनुष्य चाचणी आटोपताच फाईल उघडून पत्ता बदलतो. परंतु मग पारखलेली फाईल ती राहिलीच कोठे? अ‍ॅन्सिबलच्या फायलींत तर ओळीआधीची मोकळी जागासुद्धा अर्थ बदलते!

यावर उपाय असा: आज्ञावलीत पत्त्याऐवजी केवळ त्याचे नाव लिहावे, आणि खरी मूल्ये प्रत्येक ठिकाणच्या स्वतंत्र तक्त्यात ठेवावीत. आज्ञा देताना कोणता तक्ता घ्यावयाचा तेवढे सांगावे. पंचांगकर्त्याचे गणित एकच असते. बडोद्याचे व नागपूरचे अक्षांश-रेखांश घातले की सूर्योदय निराळा येतो, तसेच हे.

गिट या साधनात (२००५) प्रत्येक नोंदीला, सामान्यतः चाळीस अक्षरांची, आशयावरूनच काढलेली खूण मिळते. चाचणीत उतरलेली खूणच सेवेच्या सर्व्हरवर मागविली, म्हणजे एक अक्षरही बदलले नसल्याची खात्री पटते.

तक्त्यातील मूल्ये मात्र चाचणीत तपासली जात नाहीत, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यासाठी आधी काहीही न बदलता काय बदलेल तेवढे दाखविणारी रंगीत तालीम करावी, आणि मग एकेका सर्व्हरवर काम पुढे न्यावे.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या पेढीत नवी आज्ञावली आठांपैकी सातच सर्व्हरांवर पोहोचली होती. आठव्यावर जुना, निद्रिस्त भाग जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत त्या पेढीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.