पहाटेची पोटदुखी

साप चावला की कळतंच, असं आपण धरून चालतो. मण्यार चावला तर बरेचदा कळत नाही. त्याचे दात बारीक, चावल्याची जागा ना सुजते ना फारशी दुखते. रात्री हिंडणारा हा साप घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच डसतो. माणूस पहाटे उठतो तो पोट धरून.

आमच्या वहिनींचं असंच झालं. श्रावणातला उकाडा, म्हणून माजघरात फरशीवर चटई टाकून झोपल्या होत्या. पहाटे पोटात कळा, उलट्या. आदल्या दिवशी सोमवारचा उपवास, साबुदाण्याची खिचडी. मग पित्ताशिवाय दुसरं काय सुचणार? गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं. तासाभरात पापण्या जड झाल्या, तर ‘औषधाची गुंगी आहे, झोपू द्या’ असं उत्तर आलं. पुढे बोलणं गेंगाणं झालं, पाण्याचा घोट गिळेना. योगायोगाने आशाताई घरी आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “वहिनी रात्री खाटेवर होत्या की खाली?” आणि उत्तर ऐकता ऐकता १०८ला फोन लावला.

अंगावर दंशाची खूण शोधून सापडली नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी ती मागितलीही नाही. त्यांनी पापण्या पाहिल्या, मान उचलायला सांगितली. मान उचलली जाईना. लगेच प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या आणि श्वास मंदावला तसा फुगा दाबत वहिनींना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं. आधी डोस, मग पुढे पाठवणी, हा क्रम महत्त्वाचा. विषबाधेची लक्षणं दिसत असताना कुणी नुसतंच ‘पुढे न्या’ म्हणालं, तर पहिला डोस इथेच द्या, असा आग्रह धरा. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण साप विष काही वजन पाहून सोडत नाही.

प्रतिविष दिलं तरी वहिनी कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. प्रतिविष अंगात मोकळं फिरणारं विष निष्प्रभ करतं, झालेली इजा भरून काढत नाही. ती टोकं शरीर हळूहळू पुन्हा तयार करतं. तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. वाया गेलेल्या तासांची किंमत ती हीच. या काळात रुग्णाला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण शुद्ध असू शकते. एक पाहुणे उशाशी उभं राहून ‘आता काही राहिलं नाही, घरी न्या’ म्हणाले होते. बऱ्या झाल्यावर वहिनींनी त्यांचं नाव घेऊन ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं! त्या पाहुण्यांचं ऐकलं असतं तर जिवंत माणूस घरी नेऊन मारला असता.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. हा आकडा घरोघरी जाऊन मृत्यूची चौकशी केल्यामुळे हाती आला. रुग्णालयांच्या नोंदीत यातली बरीच माणसं नाहीतच, कारण ती घरी किंवा वाटेत गेली. त्यांतली किती ‘पोटदुखीने’ गेली म्हणून राख झाली असतील? केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. आराखडा चांगलाच आहे. पण पहाटे पाचला तालुक्याला डॉक्टर हजर आहे का, आणि जवळचं व्हेंटिलेटर चालू आहे का, यावरच त्याचं खरं मोजमाप होईल.

आपल्या हातातलं सांगतो. पावसाळ्यात खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, भगताकडे नेणं, यातलं काहीही नको. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि निघा. साप मारून रुग्णालयात नेऊ नका; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. सापाच्या मागे धावण्यात दुसऱ्यालाही दंश होतो, तो वेगळाच.

आणि श्रावण-भाद्रपदात जमिनीवर निजलेलं माणूस पहाटे पोट धरून उठलं, तर ते खाली झोपलं होतं हे डॉक्टरांना तुम्हीच आधी सांगा. ते विचारतीलच असं धरू नका.