‘गुणाचं लेकरू’ म्हणून गप्प बसवलं

‘लेकरू मोठं गुणाचं हाय माय, रडतच नाही!’ अकोल्याला माहेरी होते तोवर हेच ऐकत होते. मला मात्र चैन नव्हतं. पाचवा महिना लागला तरी बाळाची डावी मूठ मिटलेली, अंगठा आत. लंगोट बदलताना डावी मांडी ताठ व्हायची.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘वेळेआधीचं बाळ आहे, उशीर होणारच. तुम्ही मोबाइलवर फार वाचता.’ वजन, लस, पुढची तारीख. झबलंसुद्धा काढलं नाही. वरून माझ्या आईकडे वळून, ‘मुलीला जरा समजवा.’ मी समोर बसलेली असताना! वेळेआधी म्हणजे किती, याचा हिशेब तरी मांडायचा. चौतिसाव्या आठवड्यात जन्म, म्हणजे चाळीसातून सहा आठवडे कमी. वयातून तेवढे वजा करा. तरी मुठी उघडायलाच हव्यात. आणि उशीरच असेल तर तो एकाच हाताला कसा?

सातव्या महिन्यात अमरावतीला सासरी आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरबाईंनी बाळाला उघडं करून निजवलं आणि आधी नुसतं पाहिलं. मग तोंडावर रुमाल टाकला. बाळानं उजव्या हातानं झटकन ओढला. ‘पाह्य, कसं ओढते!’ सासूबाई खूश. बाईंनी उजवा हात अलगद धरला आणि रुमाल पुन्हा टाकला. डावा खांदा जरासा हलला, हात वर आलाच नाही. बाळ रुमालाखाली मान इकडेतिकडे करत राहिलं, मग रडलं. खोलीत कुणी बोललं नाही. वर्षाच्या आत एकच हात पुढे येणं ही धोक्याची खूण, हे तेव्हा कळलं.

पुढे त्यांनी हॅमरस्मिथ ही मज्जासंस्थेची तपासणी केली. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळांसाठी ती असते. २६ बाबी, ७८ गुण. महागडं यंत्र लागत नाही, पंधराएक मिनिटं लागतात. तेवढी पहिल्या डॉक्टरांनी दिली नाहीत, याचाच राग आहे. बाळ शांत आहे हा स्वभाव, की अंगात जोर नाही, हे बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

तुम्हालाही अशी शंका असेल तर बाळ भुकेलं, पेंगुळलेलं असताना तपासणीला नेऊ नका. घरीच उताणं, उघडं, खेळणं न देता दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. डिस्चार्ज कार्ड सांभाळा: किती आठवडे, जन्मताच रडलं का, काविळीचा आकडा, झटके. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, त्यांना वजनाबरोबर हातपायही दाखवा. कानांची तपासणी राहिली असेल तर मागून घ्या. मनाला पटत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, संकोच करू नका. खासगीतलं परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३ पासूनची ही योजना आहे, तपासणी मोफत होते.

तपासणीनंतर सुरू केलेले बाळाचे व्यायाम रोज चालू आहेत, अंगठा बाहेर येऊ लागलाय. हेच व्यायाम पाचव्या महिन्यात सुरू करता आले असते.