रेंज गेल्यावर कळतो जीपीएस

आटगावचा फाटा सोडून गाडी तानसाच्या रस्त्याला लागली की फोनची रेंज ये-जा करायला लागते आणि जंगलात शिरल्यावर बऱ्याच ठिकाणी पुरती जाते. मुंबईची मंडळी तिथे गाडी बाजूला घेतात आणि म्हणतात, ‘जीपीएस बंद पडला.’ मी शहापुरात भाड्याची गाडी चालवतो, त्यामुळे हे वाक्य सतत कानावर पडतं. खरं म्हणजे जीपीएस बंद पडलेलाच नसतो. ते उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरत असतात आणि त्यांचे संकेत तानसाच्या जंगलातही उतरतात. किमान चार उपग्रहांचे संकेत पकडले की आपली जागा कळते. त्याला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. रेंजबरोबर जातो तो नकाशा. पडद्यावर निळा ठिपका बरोबर सरकत असतो, पण त्याच्याखालचा रस्ता गायब झालेला असतो.

म्हणून स्वस्तातलं दिशादर्शक घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही आणि पडद्याच्या इंचांचाही नाही. नकाशा यंत्राच्या आत आहे की इंटरनेटवरून येतो, आणि आत असेल तर तो कोणत्या सालचा आहे, हे आधी विचारायचं. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर तरी बाकी सगळं याच्यानंतर येतं.

दुकानात ‘गाडीला जीपीएस पाहिजे’ म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू समोर येतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. पहिली वस्तू ट्रॅकर. गाडी कुठे आहे हे तो मालकाला किंवा सरकारी यंत्रणेला कळवतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असं यंत्र आणि संकटकाळी दाबायचं बटण नियमाने बंधनकारक झालं, त्यामुळे पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्यांना ‘जीपीएस’ म्हटलं की तेच आठवतं. पण ते चालकाला रस्ता दाखवत नाही. त्यात सिम असतं आणि दरवर्षी रिचार्ज लागतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना दुकानदाराने रस्ता दाखवणारं यंत्र म्हणून हाच ट्रॅकर बसवून दिला होता. घरच्या गाडीला चोरीच्या भीतीने ट्रॅकर लावायचा असेल तर जरूर लावा, पण रस्ता शोधण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी वस्तू म्हणजे डॅशबोर्डात बसणारा मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ. आठ-दहा हजारांत मिळतो आणि दिसायला झकास असतो. असा एक स्टिरिओ आमच्या गाडीत होता, त्यासोबत मेमरी कार्डावर ‘लाइफटाइम नकाशा’ आला होता. हळदीला निघालेली मंडळी घेऊन शहापूरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावर जायचं होतं. रस्ता भाडं ठरवणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हता, म्हणून यंत्रावर सोडलं. ते छान मराठीत डावी-उजवी सांगत गेलं आणि समृद्धी महामार्गाच्या भरावापाशी नेऊन म्हणालं, सरळ जा. समोर उंच मातीचा भराव आणि त्यावर कुंपण. गावचा जुना रस्ता महामार्गाने तोडला होता आणि पलीकडे जायचा भुयारी मार्ग बराच लांब होता. तिथे रेंजही नव्हती. गाडीतली मंडळी नटूनथटून उन्हात उभी राहिली, हळदीची वेळ टळून गेली आणि नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तेव्हा नकाशाच्या माहितीपुढे २०१८ साल होतं. कार्डाच्या पाकिटावर मात्र नवं साल छापलेलं होतं. हे ‘लाइफटाइम’ म्हणजे त्या यंत्राला पुढे कधीही नवा नकाशा मिळणार नाही असं समजावं. बरीचशी अशी कार्डं नक्कल केलेली असतात, त्यांना अपडेट येणार कुठून?

नकाशाचं वय ओळखायची एक सोपी खूण आमच्या तालुक्यातच आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इंटरनेट बंद ठेवून यंत्राला शहापूरहून समृद्धीने नागपूरचा रस्ता विचारा. तो टप्पा दिसला नाही तर नकाशा त्याच्याआधीचा आहे आणि आमच्या भागात तो कामाचा नाही.

स्टिरिओ घ्यायचाच असेल तर अँटेनाकडे लक्ष द्या. काडेपेटीएवढी काळी डबी वायरला लावलेली असते, तीच उपग्रहांचे संकेत पकडते. बसवणारा घाईत ती डॅशबोर्डाच्या आत, पत्र्याखाली कोंबून देतो, मग गाडी कसारा घाटात असताना यंत्र तिला शेजारच्या दरीत दाखवतं. डबीची सपाट बाजू आकाशाकडे, काचेजवळ, वर धातू नाही अशी बसवून घ्या. उष्णता अडवणाऱ्या धातूमिश्रित काचाही संकेत क्षीण करतात. स्वस्त डॅशकॅम किंवा चार्जर अँटेनाला चिकटून असेल तर त्याच्या विद्युत गोंगाटातही संकेत बुडतात. ठिपका भरकटायला लागला तर आधी चार्जर काढून पाहा.

तिसरी वस्तू म्हणजे काचेला चिकटवायचं सुटं दिशादर्शक. एके काळी त्याची मोठी शान होती, आता ते बहुतेक जुन्या बाजारात किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतं. त्यात युरोप-अमेरिकेचा नकाशा असतो, भारताचा नसतो. शिवाय फारशी माहीत नसलेली एक अडचण आहे. जीपीएस आठवडे मोजतो आणि जुन्या पद्धतीत ती मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या जुन्या यंत्रांत त्याची सोय नव्हती, त्यांची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेली आणि काही यंत्रं बिनकामाची झाली. जुनं यंत्र हातात घेतलं की उघड्यावर नेऊन त्याची तारीख पाहा. तारीख चुकीची असेल तर ते फुकटातही नको.

मग स्वस्त आणि भरवशाचं काय? माझं स्पष्ट मत आहे की खिशातला फोन. मात्र तो नीट तयार करून. गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग निवडून आधीच उतरवून ठेवता येतो. ठरावीक मुदतीने तो ताजा करावा लागतो, घरी वायफायवर ते आपोआप होऊ द्या. दुसरं अ‍ॅप ऑरगॅनिक मॅप्स. त्याचा नकाशा पूर्ण उतरतो, खर्च शून्य आणि रेंज नसतानाही ते नवा रस्ता काढून देतं. वाहतुकीची कोंडी ते सांगत नाही, पण तानसाच्या जंगलात कोंडी नसतेच. मी दोन्ही ठेवतो. एकात पाडा सापडला नाही तर दुसऱ्यात सापडतो.

फोन निवडताना किंवा तपासताना विमान मोड लावा, उघड्यावर उभे राहा आणि ठिपका येतो का पाहा. इंटरनेट असलं की फोनला उपग्रहांच्या जागेची माहिती आयती मिळते. रेंज नसताना ती आकाशातून घ्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात. यावर उपाय सोपा आहे, रेंज असेतोवर आटगाव किंवा खर्डीलाच नकाशा उघडून ठेवायचा. ‘जीपीएसटेस्ट’ नावाच्या फुकट अ‍ॅपमध्ये किती उपग्रह दिसतात तेही कळतं. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू असे जास्त प्रकारचे उपग्रह पकडणारा फोन माळशेजच्या कड्याखाली, अर्धं आकाश झाकलेलं असताना, जास्त टिकतो. आपल्या ‘नाविक’चा मला अभिमान आहे, पण केवळ डब्यावर नाविक लिहिलं म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. अणुघड्याळं बंद पडल्याने त्यातल्या काही उपग्रहांचा दिशादर्शनाला उपयोग राहिलेला नाही. शिवाय स्वस्त चिपला पकडता येईल असा एल-१ संकेत २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासूनच सुरू झाला.

वाचलेल्या पैशांतून चांगला होल्डर आणि दमदार चार्जर घ्या. चार्जर लेचापेचा असेल तर फोन लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. काचेवर उन्हात लावलेला फोन वैशाखात इतका तापतो की पडदा मंद होतो किंवा फोन बंद पडतो, म्हणून एसीच्या झरोक्याला अडकणारा होल्डर बरा. मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. पत्ता गाडी उभी असतानाच टाका आणि मराठी आवाज चालू ठेवा, म्हणजे पडद्याकडे बघायची गरज उरत नाही.

आता ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. जवळचा रस्ता आणि जाण्याजोगा रस्ता यातला फरक कोणतंही यंत्र, महागसुद्धा, आपोआप ओळखत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मोबाइलच्या नकाशावर विसंबून चाललेली एक गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा जीव गेला. माळशेज ओलांडला की तो मुलूख फार दूर नाही. आमच्याकडे कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल उल्हास नदीच्या पुरात बंद होतो, आणि आतल्या गावांच्या फरशी पुलांची तर गणतीच नाही. जून ते सप्टेंबर या काळात अॅपने सुचवलेला जवळचा आडरस्ता मी घेतच नाही, मोठा रस्ता धरतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर यंत्र काहीही म्हणो, गाडी मागे फिरवायची. प्रवासी रागावले तरी चालतील.

तानसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मुंबईला पाणी देणाऱ्या जलवाहिनीलगतचे सेवारस्ते नकाशात सरळ आणि मोहक दिसतात, पण ते महापालिकेचे आहेत आणि काही ठिकाणी फाटक लागतं. अभयारण्यातल्या वाटांना वनखात्याचे नियम आहेत. ठिकाणाच्या नावांचीही काळजी घ्या. नुसतं ‘शहापूर’ टाकलं तर बेळगावचं किंवा यादगीर जिल्ह्यातलं शहापूरही पुढे येतं. ‘नाणेघाट’ टाकलं की बऱ्याचदा यंत्रं माळशेज चढवून जुन्नरच्या बाजूने माथ्यावर नेतात, आणि पायथ्यापासून चढायला आलेली मुलं, ज्यांना टोकावड्यापुढे महामार्गावरच उतरायचं होतं, ती भलत्याच टोकाला पोहोचतात. पाड्यावर बोलावणाऱ्याकडून नाव न घेता व्हॉट्सअ‍ॅपवर ठिकाण मागवा आणि रेंज असतानाच ते नकाशात साठवून ठेवा.

ऑरगॅनिक मॅप्स ज्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, त्यात कुणीही भर घालू शकतं. दवाखान्याचं भाडं घेऊन कुठल्या पाड्यावर गेलो की त्याचं नाव, शाळा, भुयारी मार्ग आणि पावसात बुडणारी फरशी मी त्यात नोंदवतो. पुढच्या अपडेटमध्ये ते सगळ्यांच्या फोनवर येतं, रेंज असो वा नसो. तानसाच्या बाजूचे बरेचसे पाडे आता त्यात आलेत. डोळखांबकडचे अजून राहिलेत, ते यंदा पाऊस लागायच्या आत टाकायचे आहेत. तिकडचे कुणी चालक, शिक्षक किंवा आशाताई हे वाचत असतील तर त्यांनीही आपापल्या गावापासून सुरुवात करावी, कारण त्या फरशांची नावं आणि जागा त्यांनाच माहीत आहेत.