सांगाड्याचे टी-शर्ट आणि लिथुआनियाचा बास्केटबॉल

प्रश्न : १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा एक फोटो पाहण्यात आला. बास्केटबॉलचा पदकवितरण समारंभ चालू आहे आणि कांस्यपदक मिळालेल्या लिथुआनियाच्या खेळाडूंनी पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांची नुसती उधळण असलेले टी-शर्ट घातले आहेत. त्यावर चक्क हाडांचा सांगाडा! हा काय प्रकार होता? आणि तीस लाखांच्या आतली वस्ती असलेला हा देश बास्केटबॉलमध्ये इतका पुढे कसा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ते टी-शर्ट भेट म्हणून आले होते आणि देणारे होते अमेरिकेतले रॉक संगीतकार. पण ही भेट घ्यायची वेळ एका देशाच्या राष्ट्रीय संघावर का आली, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. मॉस्कोने आधी आर्थिक नाकेबंदी केली आणि जानेवारी १९९१मध्ये राजधानी व्हिल्नियसमध्ये रणगाडे घुसवले. टीव्ही मनोऱ्याभोवती कडं करून उभ्या राहिलेल्या निःशस्त्र लोकांपैकी काही जण त्या रात्री मारले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोव्हिएत संघाला हे स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. म्हणजे बार्सिलोना ऑलिम्पिकला वर्षही उरलं नव्हतं. खेळाडू होते, तेही जगातल्या उत्तमांपैकी. पण संघ उभा करायला सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता.

लिथुआनियाचा शारूनास मार्चुल्योनिस तेव्हा अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून एनबीएमध्ये खेळत होता. संघाचा सहायक प्रशिक्षक डॉनी नेल्सन याला सोबत घेऊन त्याने देणग्या गोळा करायला सुरुवात केली. त्याबद्दलची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि ती ‘ग्रेटफुल डेड’ या त्याच शहरातल्या प्रसिद्ध बँडच्या लोकांपर्यंत पोहोचली. त्यांनी पैसे दिले आणि सोबत टी-शर्टांचं खोकंही पाठवलं. सांगाडा हे या बँडचं जुनं चिन्ह. ग्रेग स्पायर्स या चित्रकाराने तो सांगाडा हवेत झेपावून बास्केटमध्ये चेंडू कोंबताना रंगवला आणि मागे लिथुआनियाच्या झेंड्याचे तिन्ही रंग पसरवले. अमेरिकेत हे टी-शर्ट धडाधड खपले. खेळाडूंना ते इतके आवडले की पदक घ्यायलाही ते तेच घालून गेले. पन्नास वर्षं ज्यांना दुसऱ्याच्या झेंड्याचा लाल गणवेश घालावा लागला, त्यांना हे रंग अंगावर मिरवावेसे वाटले, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उंच माणसांचा देश, असं उत्तर त्यावर नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही. उंच माणसं युरोपात इतरत्रही भरपूर आहेत. लिथुआनियाला हा खेळ परदेशी गेलेल्या आपल्याच माणसांनी आणून दिला आणि पुढे देश हातातून गेला तेव्हा लोकांनी तो जिवापाड जपला. माझ्या मते खरं कारण हे आहे.

पहिल्या महायुद्धाआधीच्या काही दशकांत लाखो लिथुआनियन पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले होते. शिकागोत तर त्यांच्या अख्ख्या वस्त्या होत्या. त्यांची मुलं अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल खेळत मोठी झाली. लहानपणी अमेरिकेत गेलेला आणि १९२०च्या सुमारास मायदेशी परतलेला स्तेपोनास दारियुस हा वैमानिक लिथुआनियातल्या पहिल्या बास्केटबॉल प्रसारकांपैकी एक. (न्यूयॉर्कहून अटलांटिक ओलांडून काउनासला विमान नेताना १९३३मध्ये हाच दारियुस अपघातात गेला. तो तिथला राष्ट्रीय वीर आहे.) सुरुवात मात्र यथातथाच होती. १९२५मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना शेजारच्या लाटवियाशी झाला, तो लिथुआनियाने ४१-२० असा गमावला.

बदल घडला १९३७मध्ये. त्या वर्षीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा लाटवियाच्या रीगामध्ये होती. शिकागोहून आलेला फेलिक्सास क्रियाउच्युनास संघाचा प्रशिक्षकही होता आणि खेळाडूही. प्रानास तालझुनास हाही त्याच्यासारखाच अमेरिकेत वाढलेला. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या या संघाने अंतिम सामन्यात इटलीला २४-२३ असं हरवलं. गुणसंख्या पाहून आज हसू येईल. पण त्या काळी सामने असेच तुटपुंज्या गुणांचे होत. विजयाची बातमी आली आणि जिथे अजून रिंगही पोहोचली नव्हती अशा खेड्यांमधून मुलं बास्केटबॉल मागू लागली.

जेत्या देशाकडे पुढची स्पर्धा भरवायचा मान येई. सरकारने काउनासमध्ये (व्हिल्नियस तेव्हा पोलंडच्या ताब्यात असल्याने काउनास हीच राजधानी होती) खास बास्केटबॉलसाठी क्रीडागृह बांधलं. फक्त याच खेळासाठी उभारलेलं युरोपातलं हे पहिलं क्रीडागृह मानलं जातं. मे १९३९मध्ये तिथे जो यजमान संघ उतरला, त्याचा आधारस्तंभ होता प्रानास लुबिनास. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, तिथे फ्रँक लुबिन म्हणून ओळखला जाणारा हा उंचपुरा खेळाडू १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होता. लिथुआनिया आणि लाटविया यांच्यातली चुरस तेव्हा टोकाला गेलेली. त्यांच्या सामन्यात शेवटची काही सेकंदं उरली असताना यजमान एका गुणाने मागे होते. लुबिनासने चेंडू घेतला आणि बास्केट केली. ३७-३६! लिथुआनिया एकही सामना न हरता पुन्हा युरोपचा विजेता झाला. अमेरिकी खेळाडू कसे चालतात म्हणून लाटवियाने तक्रार केली, पण निकाल बदलला नाही.

तीन-साडेतीन महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि जून १९४०मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. लिथुआनिया नावाचा राष्ट्रीय संघ त्यानंतर अर्धं शतक अस्तित्वातच नव्हता. युरोपचा गतविजेता संघ पुढच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरला तो थेट १९९५मध्ये.

या मधल्या काळाचा इतिहास बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेला दिसतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खेळ थांबला नव्हता. गणवेश बदलला होता. सोव्हिएत संघाने १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा त्यात स्तेपास बुताउतास आणि आणखी काही लिथुआनियन होते. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला ५१-५० असं हरवणाऱ्या, अजूनही ज्याच्या शेवटच्या तीन सेकंदांवरून वाद चालतो त्या सोव्हिएत संघाचा कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास हा लिथुआनियनच. जगाच्या नोंदीत मात्र ही सगळी पदकं ‘यूएसएसआर’ या नावाखाली जमा झाली.

लोकांना आपला म्हणता येईल असा संघ एकच होता, काउनासचा झालगिरिस क्लब. त्याचं नाव १४१०च्या लढाईवरून ठेवलेलं. त्या लढाईत पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी जर्मन ट्यूटॉनिक सरदारांचा पराभव केला होता. जर्मनांवरचा विजय म्हणून मॉस्कोचीही या नावाला हरकत नव्हती. झालगिरिसचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे सीएसकेए मॉस्को, लष्कराचा क्लब. लष्कराचा असल्यामुळे त्याच्या हातात एक हत्यार होतं. सोव्हिएत संघात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. देशात कुठेही चांगला खेळाडू दिसला की सेवेच्या नावाखाली त्याला बोलावून आपल्या संघात घेता येई. त्यातून सुटायचा एक रस्ता होता महाविद्यालयातला प्रवेश. अर्विदास साबोनिस हा २२१ सेंटीमीटर उंचीचा, काउनासमध्येच जन्मलेला मुलगा; त्याचं नाव तिथल्या कृषी अकादमीत होतं. पासिंगमध्ये एखाद्या गार्डलाही मागे टाकणारा हा सेंटर मॉस्कोच्या हाती न लागता काउनासलाच राहिला.

१९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षं झालगिरिसने सोव्हिएत अजिंक्यपद जिंकलं. तिन्ही वर्षं अंतिम झुंज सीएसकेएशीच. सामन्याच्या रात्री काउनासचे रस्ते ओस पडत आणि जिंकल्यावर माणसांनी भरून जात. जमाव करून स्वातंत्र्याच्या घोषणा देणं शक्य नव्हतं. संघाच्या नावाने ओरडायला मात्र बंदी नव्हती. हिरवा रंग झालगिरिसचा म्हणून अंगावर घालता येई, आणि तो जुन्या झेंड्यातलाही एक रंग होता.

१९८८मध्ये सेऊलला सोव्हिएत संघाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८२-७६ आणि अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघात साबोनिस, मार्चुल्योनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास खोमिचुस असे चौघे लिथुआनियन होते आणि संघाचा बराचसा भार त्यांच्याच खांद्यावर होता. दोन वर्षांनी त्यांनी सोव्हिएत गणवेश घालायला नकार दिला. हेच चौघे १९९२मध्ये बार्सिलोनाला आले, आता स्वतःच्या देशाकडून.

तिथे जमलेला योग मोठा विलक्षण होता. जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, बर्ड यांच्या अमेरिकी ‘ड्रीम टीम’ने उपांत्य फेरीत लिथुआनियाचा १२७-७६ असा धुव्वा उडवला. म्हणून कांस्यपदकासाठी खेळायचं ठरलं, आणि समोर आला ‘युनिफाइड टीम’. म्हणजे सोव्हिएत संघ फुटल्यावर त्याच्या उरलेल्या प्रजासत्ताकांनी मिळून उतरवलेला संघ. त्यातले वोल्कोव आणि तिखोनेन्को सेऊलमध्ये साबोनिसच्या खांद्याला खांदा लावून खेळले होते. गटातल्या सामन्यात याच संघाने लिथुआनियाला ९२-८० असं हरवलंही होतं.

८ ऑगस्टच्या त्या सामन्यात पदक हातचं गेलं असतं तर देशात त्याचा अर्थ फक्त एक हार इतकाच लागला नसता, आणि खेळाडूंना ते पुरतं ठाऊक होतं. साबोनिसच्या पायांचे स्नायुबंध आधीच दुखापतींनी खिळखिळे झालेले. तरी त्याने २७ गुण आणि १६ रिबाउंड घेतले. मार्चुल्योनिसने २९ गुण केले. दोघांनी मिळून संघाच्या ८२ पैकी ५६. सामना ८२-७८ असा संपला. देशाचे प्रमुख व्हितौतास लांड्सबर्गिस, जे पेशाने संगीताचे प्राध्यापक, खेळाडूंचं अभिनंदन करायला ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि शॅम्पेनने चिंब झाले. तुम्ही पाहिलेला फोटो त्यानंतरचा. ही सगळी हकिगत ‘द अदर ड्रीम टीम’ या २०१२च्या माहितीपटात छान आली आहे. मिळाला तर जरूर पाहा.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९५मध्ये अथेन्सला युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाच्या जॉर्जेविचने ४१ गुण ठोकले. पंचांच्या निर्णयांवर चिडून लिथुआनियाचे खेळाडू कोर्ट सोडून गेले, मग परत आले आणि ९६-९० असे हरले. १९९६ आणि २०००च्या ऑलिम्पिकमध्ये पुन्हा कांस्य. त्यातली सिडनीची उपांत्य फेरी आठवली की अजून चुटपुट लागते : अमेरिका ८५, लिथुआनिया ८३, आणि शारूनास यासिकेविचुसने शेवटच्या क्षणी दुरून मारलेला तीन गुणांचा चेंडू रिंगमध्ये गेला नाही. चार वर्षांनी अथेन्सला त्याच यासिकेविचुसने शेवटच्या मिनिटांत अमेरिकेवर तीन गुणांच्या बास्केटचा मारा केला आणि गटातला तो सामना ९४-९० असा काढला. पदक मात्र हुकलं. मधे २००३मध्ये स्वीडनमध्ये स्पेनला ९३-८४ असं हरवून, १९३९नंतर पहिल्यांदा युरोपीय अजिंक्यपद परत आणलं होतं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही यासिकेविचुसच.

त्यानंतर २०१०च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१३ आणि २०१५च्या युरोपीय स्पर्धांत रौप्य. २०११मध्ये मायदेशी भरवलेल्या युरोपीय स्पर्धेत मॅसिडोनियाने उपांत्यपूर्व फेरीत ६७-६५ असा दिलेला धक्का तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. अलीकडची काही वर्षं तर कठीण गेली. १९९२ ते २०१६ एकही ऑलिम्पिक न चुकवलेला हा संघ टोकियो आणि पॅरिसला पात्रच ठरला नाही. टोकियोची पात्रता फेरी तर काउनासलाच होती, आणि तिथे लुका डॉन्चिचच्या स्लोव्हेनियाने त्यांना हरवलं. तरी २०२३च्या विश्वचषकात मनिला इथे याच संघाने अमेरिकेला ११०-१०४ असं नमवलं.

बास्केटबॉलमधलं ऑलिम्पिक सुवर्ण लिथुआनियाच्या नावावर अजून एकही नाही. सेऊलचं सुवर्ण घरी असलेल्या त्या चौघांना आवडतं पदक कोणतं असं विचारलं, की ते बार्सिलोनाच्या कांस्याचं नाव घेतात.