ताप कशाचा, हे विचारायचंच

लेकराला सर्दी झाली, पोट बिघडलं आणि अंग तापलं, तर काय करायचं ते घरातल्या बायकांना साधारण कळतं. अवघड असतो तो कारण न दिसणारा ताप. नाक कोरडं, छाती मोकळी, शी नेहमीसारखी, अंगावर पुरळ नाही, आणि अंग मात्र फणफणलेलं. माझी लेक वर्षाचीही झाली नव्हती, तेव्हा तिला असा ताप आला.

आमच्या ढोकीत अशा वेळी दोन उत्तरं लगेच मिळतात. दात येत असतील, नाहीतर दीठ लागली असेल. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्याला माझी हरकत नव्हती. त्यांचा जीव नातीत अडकला होता. दातांचं कारण मात्र मला पटेना. दात येताना लेकरू किरकिर करतं, लाळ गळते, फार तर अंग कोमट लागतं. काखेत थर्मामीटर लावल्यावर १०२ दिसावा, असा ताप दातांनी येत नाही. दातांच्या नावाखाली आपल्याकडे खरे आजार दडून राहतात.

ताप उतरेना म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो. गर्दी खूप होती. डॉक्टरांनी तिचं झबलंसुद्धा वर केलं नाही. कपाळाला हात लावला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मी विचारलं, "डॉक्टर, ताप कशाचा आहे?"

"व्हायरल."

"पण सर्दी-खोकला काहीच नाही. आणि लघवीला वेगळाच वास येतोय, लघवी करताना रडते पण."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोबाईलवर वाचून आलात का? मग तुम्हीच द्या औषध. अर्धी पोरं आयांच्या अशा शहाणपणानंच आजारी पडतात."

खोलीत दुसरे पेशंट होते, त्यांच्यादेखत. मला रडू आलं. अपमान झालाच होता, पण त्याहून जास्त लागलं ते हे की लेकराबद्दलची जी गोष्ट फक्त मलाच माहीत होती, ती कुणी ऐकूनच घेतली नाही. चिठ्ठीत तापाचं औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि खोकल्याचं सिरप होतं. खोकलाच नसलेल्या लेकराला! २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने दगावली, त्यातली कितीतरी उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने तेव्हाच सगळ्या राज्यांना कळवलं.

बाहेर आल्यावर सोबत आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "रडायचं ते मागून रड. आधी लातूरला चल." मुरूडमार्गे आम्ही लातूर गाठलं.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर लेकराचे सगळे कपडे काढले. लंगोटसुद्धा. टाळूवर बोट ठेवून ती फुगली आहे की खोल गेली आहे ते पाहिलं. कानात बघितलं, घशात बघितलं, पोट चाचपलं, घड्याळ समोर धरून श्वास मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय वेगळं वाटलं?" मी लघवीचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "अँटिबायोटिक सुरू केलंय का?" अजून दिलं नव्हतं. "बरं झालं. आधी लघवी तपासू."

तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही तपासणी वाटते तितकी सोपी नसते. चिकटवायच्या पिशवीत धरलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून बारीक निर्जंतुक नळी घालून लघवी घ्यावी लागते. लेकरू रडतं, आईचं काळीज तुटतं, पण काम क्षणाचं असतं. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे सांगणाऱ्या कल्चरला साधारण दोन दिवस लागतात. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं, तर कल्चरमध्ये जंतू बहुधा उगवत नाही आणि आजाराचा माग पुसला जातो. माझ्या लेकीच्या लघवीत पू-पेशी निघाल्या, कल्चरमध्ये ई-कोलाय निघाला. नमुना घेतल्याबरोबर उपचार सुरू झाले होते, त्यामुळे ताप लवकरच उतरला. मूत्रपिंडांची सोनोग्राफीही केली, ती नीट निघाली. कारण न दिसणाऱ्या तापामागे लघवीचा संसर्ग असणं तान्ह्या मुलांमध्ये अजिबात दुर्मीळ नाही. तो ओळखायचा राहिला, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आईला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग त्या ओळखायच्या ते साध्या बदलांवरून. काल जोरात रडणारं बाळ आज क्षीण रडतंय का? नीट ओढणारं बाळ दूध ओढेनासं झालंय का? हातपाय ढिले पडलेत का? तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या योजनेच्या मुळाशी हेच काम आहे. कालचं बाळ आणि आजचं बाळ यांतला फरक घरातल्या माणसांनाच दिसतो, डॉक्टरांना फक्त आजचं दिसतं.

म्हणून बायांनो, दवाखान्यात जाताना हा फरक कागदावर लिहून न्या. ताप कधी किती होता, कोणतं औषध किती वाजता दिलं, लघवी किती वेळा झाली, कोणती लस कधी टोचली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, त्यामुळे लसीचं कार्ड सोबत हवंच. घाबरलेल्या माणसाला बोलता येत नाही, रागावलेल्या डॉक्टरपुढे तर नाहीच नाही. कागद मात्र बोलतो. आणि उठण्याआधी विचारा: ताप कशाचा वाटतो, हे औषध कशासाठी, कधीपर्यंत उतरला नाही तर परत यायचं? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. खाजगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राने २०२१ साली केलेल्या सुधारित नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे. आजाराची माहिती मिळणं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे आपले हक्क आहेत. दवाखान्यांत रांगा मोठ्या असतात, डॉक्टरही थकतात, हे मला मान्य आहे. पण जिच्यावर एकदा खेकसलं जातं ती आई पुढच्या वेळी गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत लेकरू मोजतं.

तापाच्या औषधाचं एक बजावून सांगते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकसारखे नसतात. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२५. म्हणजे थेंब चौपट कडक. शेजारणीने सांगितलेलं 'अर्धं टोपण' म्हणूनच धोक्याचं. डोस वजनावर ठरतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. तीन महिन्यांखालच्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंच औषध देऊ नका. तापलेल्या लेकराला स्वेटर-टोपडं घालून गोधडीत गुंडाळू नका, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच. बर्फाचं पाणीही नको. अंगावरचं दूध चालू ठेवा.

उसाच्या हंगामात आमच्या भागात फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तिथल्या आया पहाटेच फडात जातात आणि तान्ह्या लेकरापाशी सात-आठ वर्षांची बहीण असते. लेकरू तापलंय हे आईला दिवस मावळताना कळतं. मला जाऊबाई होत्या, गाडी होती, लातूरला जायला पैसे होते. त्या आईजवळ यातलं काहीच नसतं. शेजारी कोपी असेल, तर जाता-येता त्या लेकराच्या अंगाला हात लावून बघा, आशाताईंना कळवा.

बाळ तीन महिन्यांखालचं असेल आणि ताप १००.४ किंवा जास्त असेल, तर घरी वाट बघू नका, मग ते कितीही खेळतं दिसो. मोठ्या लेकरातही दूध ओढेनासं होणं, झोपेतून नीट जागं न होणं, टाळू फुगणं, झटका येणं, छाती आत ओढत श्वास घेणं, सहा-आठ तास लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने धाराशिव किंवा लातूरचं मोठं रुग्णालय गाठा. एका दवाखान्यात कुणी ऐकून घेतलं नाही, तर त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जा.